लिनक्स इन्स्टॉल होता होता अडकतंय? जुन्या पीसीत आधी हे तपासा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ जुन्या मशिनांना दारातच उभं करत नाही. त्यामुळे नात्यातले, सोसायटीतले, ओळखीच्या क्लासवाल्यांचे जुने पीसी हल्ली माझ्याकडे येतात. कोअर टू ड्युओ, जी ३१ किंवा जी ४१ चा बोर्ड, दोन-चार जीबी रॅम, आणि सोबत निरोप, "लिनक्स टाकून द्या, पोराला टायपिंगपुरतं झालं म्हणजे झालं." बऱ्याच जणांनी आधी स्वतः करून बघितलेलं असतं आणि सगळ्यांची तक्रार तीच: पेन ड्राइव्हवरून लाइव्ह (डिस्कवर न टाकता) छान चालतं, इन्स्टॉलला लावलं की मध्येच बसतं. मग मिंट काढून उबंटू, उबंटू काढून झोरिन, असं चालू राहतं.

डिस्ट्रो, म्हणजे मिंट-उबंटू अशी लिनक्सची रूपं, बदलू नका. लाइव्ह नीट चालून इन्स्टॉल अडकत असेल, तर माझ्या अनुभवात दोष जवळजवळ नेहमी पेन ड्राइव्ह ते हार्ड डिस्क या वाटेवर कुठेतरी असतो. तीच वाट पुढच्या डिस्ट्रोलाही चालायची आहे. मी मिंट टाकतो, म्हणून उदाहरणं मिंटची आहेत. बाकीच्यांनाही थोड्याफार फरकाने हेच लागू होतं.

लक्षणं

- फाइल्स कॉपी होताना पट्टी थांबते, माउस हलतो पण पुढे काही होत नाही.
- "एरर नंबर ५, इनपुट/आउटपुट एरर" अशी चौकट येते.
- स्क्रीन जागच्या जागी गोठते, कॅप्स लॉकचा दिवाही लागत नाही.
- मशीन आपोआप बंद पडतं किंवा रीस्टार्ट होतं.
- इन्स्टॉलर न सांगता गायब होतो आणि पुन्हा लाइव्ह डेस्कटॉप समोर येतो.
- शेवटाला "ग्रब-इन्स्टॉल फेल्ड, फेटल एरर" येतं (ग्रब म्हणजे मशीन चालू करताना लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम).
- सगळं पूर्ण होतं, पण रीस्टार्टनंतर "नो बूटेबल डिव्हाइस".

यातलं कुठलं आहे यापेक्षा कुठे आणि कधी होतं, हे मला जास्त उपयोगी पडतं. म्हणून लगेच उपाय सुरू करू नका. एकदा मुद्दाम तसंच इन्स्टॉल लावा आणि कागदावर टिपा. दर वेळी त्याच टक्क्यावर अडकलं, तर संशय पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर. टक्का वेगळा पण वेळ साधारण तीच, म्हणजे चालू केल्यावर वीसेक मिनिटांनी मरतं, तर उष्णता. टक्काही वेगळा, वेळही वेगळी, एररही दर वेळी नवीन, तर रॅम. हा नियम शंभर टक्के नाही, पण पहिला स्क्रू कुठला काढायचा ते यावरून बरंचसं ठरतं.

इन्स्टॉलर अडकला की मी टर्मिनल उघडून सुडो लावून डीमेसेज (sudo dmesg, सिस्टीमच्या आतल्या नोंदी दाखवणारी आज्ञा) चालवतो आणि शेवटच्या ओळी वाचतो. "स्क्वॉशएफएस एरर" (पेनवरची दाबून भरलेली फाइल वाचताना आलेला) दिसलं तर पेन ड्राइव्ह किंवा रॅम. एसडीए (sda) या नावासोबत आय/ओ एरर असेल तर बहुधा हार्ड डिस्क (नावं कधी उलटसुलट होतात, डिस्क्स नावाच्या अ‍ॅपमध्ये खात्री करा). "हार्ड रीसेटिंग लिंक" पुन्हा पुन्हा येत असेल तर आधी साटा केबलकडे (डिस्क बोर्डला जोडणारी वायर) बघा. मोबाइलवर त्या ओळींचा फोटो काढून ठेवा, नंतर लागतो.

आणि हो, जुन्या डिस्कवर घरचे फोटो असतील तर ते आधी बाहेर काढा. लाइव्ह पेनवरून डिस्क उघडून दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करता येतात. "त्यात काही नाहीये" असं म्हणणाऱ्या काकांच्या डिस्कवर हमखास मुलीच्या लग्नाचे फोटो निघतात.

१. नेट काढा

फुकटची तपासणी. लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा आणि पुन्हा लावा. भाषा मराठी निवडली की इन्स्टॉलर शेवटच्या टप्प्यात भाषेची पॅकेजेस नेटवरून उतरवू लागतो. मोबाइल हॉटस्पॉट मंद असेल तर पट्टी तासभर हलत नाही आणि मशीन अडकलं असं वाटतं. पॅकेजेस नंतर सावकाश टाकता येतात.

२. तारीख बघा, सेल बदला

लाइव्ह डेस्कटॉपवर कोपऱ्यातलं घड्याळ बघा. तारीख दहा-पंधरा वर्षं मागची असेल, किंवा चालू करताना "सीमॉस चेकसम एरर" येऊन एफ १ दाबावं लागत असेल, तर बोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय. घड्याळवाल्याकडेही मिळतो, स्वस्त असतो. मल्टिमीटरवर नवा सेल ३ व्होल्टच्या जरा वर दाखवतो, २.८ च्या खाली गेलेला मी सरळ बदलतो.

तारखेचा इन्स्टॉलशी संबंध दोन प्रकारे येतो. एक, चुकीच्या तारखेमुळे नेटवरची सुरक्षित जोडणी नाकारली जाते आणि अपडेट "नॉट व्हॅलिड येट" म्हणून परत येतात. दुसरं जास्त त्रासाचं: मशीनचा प्लग काढला की बायोसच्या (बोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. तुम्ही काल साटा मोड एएचसीआयवर (डिस्कशी बोलायची एक पद्धत) ठेवलेला असतो, बूटचा क्रम लावलेला असतो, आज ते मूळपदावर. म्हणजे पुढच्या कुठल्याही तपासणीचा निष्कर्ष भरवशाचा राहत नाही. सेल आधी बदला, तारीख लावा, मग पुढे.

३. आयएसओ आणि पेन ड्राइव्ह

सगळ्यात जास्त वेळा दोष इथे सापडतो आणि सगळ्यात कमी लोक इथे बघतात, कारण "पेन तर चालतोय की!" हा युक्तिवाद. लाइव्ह सिस्टीम एका मोठ्या दाबून भरलेल्या फाइलमध्ये असते. डेस्कटॉप उघडताना त्यातला लागेल तेवढाच भाग वाचला जातो. इन्स्टॉल करताना मात्र जवळजवळ सगळी फाइल उलगडावी लागते. मधला एक ठोकळा खराब असला तर डेस्कटॉपवर तासभर गाणी ऐकाल, पण इन्स्टॉल दर वेळी तिथेच ठेचकाळेल.

क्रम असा ठेवा. उतरवलेल्या आयएसओचा (लिनक्सची एकसंध फाइल) एसएचए-२५६, म्हणजे फाइलचा ठसा, काढा आणि मिंटच्या डाउनलोड पानावरच्या ६४ अक्षरी रांगेशी ताडून बघा. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून सोडू नका, पूर्ण रांग कॉपी करून शोधा. जुळत नसेल तर फाइल पुन्हा उतरवा. तीन जीबीच्या आसपासची फाइल हॉटस्पॉटवर तुटते, त्यात नवल नाही. जुळत असेल तर पेन पुन्हा लिहा. रूफसने (विंडोजवरचं पेन लिहायचं साधन) लिहिताना आयएसओ की डीडी असं विचारलं आणि पहिल्या प्रकाराने जमलं नसेल, तर डीडी निवडा. पेन सुरू केल्यावर येणाऱ्या बूट मेनूमध्ये माध्यम तपासण्याचा पर्याय असतो, तो एकदा पूर्ण चालू द्या.

पेन कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा. पुढचे पोर्ट एका लांब वायरने बोर्डला जोडलेले असतात आणि जुन्या कॅबिनेटमध्ये ती वायर, तिचा कनेक्टर, पोर्टच्या पट्ट्या, सगळंच ढिलं झालेलं असतं.

एवढं करूनही तिथेच अडकत असेल तर पेनच बदला. रस्त्यावर स्वस्तात मिळालेला "६४ जीबी" पेन प्रत्यक्षात आठचा निघू शकतो. त्याच्या आत क्षमता खोटी सांगणारा कंट्रोलर बसवलेला असतो. लिनक्सवर एफ ३ नावाचं साधन आहे, ते पेन पूर्ण भरून पुन्हा वाचतं आणि खरी क्षमता सांगतं. पेनवरचा डेटा जाऊ शकतो, एवढं लक्षात असू द्या.

४. मशीनला झेपणारी आवृत्ती

मिंट २० पासून ३२ बिटची आवृत्ती येत नाही. कोअर टू ड्युओ ६४ बिटचा आहे, त्यामुळे तिथे अडचण नाही. पण अ‍ॅटम एन २७० वाली नेटबुक किंवा बरेचसे पेंटियम ४ फक्त ३२ बिटचे आहेत. त्यावर ६४ बिटचा पेन सुरूच होत नाही, सुरुवातीलाच तसा निरोप देतो. डेबियन १२ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर होता, १३ मध्ये तो काढला. अँटीएक्स या हलक्या डिस्ट्रोची २३ वी आवृत्ती ३२ बिटवर चालते.

इन्स्टॉलर न सांगता गायब होत असेल तर रॅम कमी पडतेय. लाइव्ह सिस्टीम स्वतःच बरीच रॅम खाते, त्यात इन्स्टॉलर, त्यात तुम्ही ब्राउझरही उघडलेला. एक जीबीत हे मावत नाही आणि कर्नल (सिस्टीमचा गाभा) कुठल्या तरी प्रोग्रॅमला मारतो. मिंटला किमान २ जीबी लागते. तेवढी असूनही होत असेल तर एक्सएफसीई ही हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती घ्या, आणि आधी जीपार्टेडमध्ये (डिस्क विभागायचं अ‍ॅप) दोन-तीन जीबीचा स्वॅप विभाग (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करून त्यावर राइट क्लिक करून स्वॅप ऑन करा. मग इन्स्टॉल लावा.

लोगो येऊन स्क्रीन काळी पडत असेल तर ग्राफिक्सचा प्रश्न आहे. मिंटच्या बूट मेनूतला कॉम्पॅटिबिलिटी मोड निवडा, किंवा कर्नलच्या ओळीत नोमोडसेट (nomodeset) हा शब्द घाला, सगळी अक्षरं लहान, जोडून.

५. उष्णता

मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये आय/ओ एररच्या चौकटीतला मजकूर कुणी शेवटपर्यंत वाचत नाही. त्यात लिहिलेलं असतं की हार्ड डिस्क जुनी झाली असेल तर तपासा, किंवा मशीन थंड जागी हलवून बघा. हसू येतं, पण मे महिन्यात हा सल्ला अगदी खरा आहे. फाइल उलगडताना प्रोसेसर बराच वेळ जोरात चालतो. एरवी टॅली आणि वर्डवर दिवस काढणाऱ्या मशीनला एवढं काम बऱ्याच वर्षांत लागलेलं नसतं.

प्लग काढा, बाजूचा पत्रा उघडा. सीपीयूच्या पंख्याखालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पाकळ्यांत धुळीची चटई बसलेली असते. वरून पंखा फिरताना दिसतो, म्हणून लोक फसतात. रंगाच्या कोरड्या ब्रशने काढा, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा म्हणजे ते भन्नाट फिरणार नाही. व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याने स्थिर वीज तयार होते. आत मुंग्यांची वसाहत किंवा पालीची अंडी सापडली तर दचकू नका, नेहमीचं आहे.

आता पंख्याच्या चार पायांकडे बघा. ७७५ सॉकेटच्या कंपनी कूलरला चार प्लास्टिकचे दाबायचे खिळे असतात. प्रत्येकाचं काळं टोक बोर्डच्या मागच्या बाजूला पूर्ण बाहेर आलेलं आणि फाकलेलं दिसलं पाहिजे. चारातला एक अर्धवट सुटला की कूलर तिरका होतो, एका कोपऱ्यात पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी) टेकतच नाही आणि प्रोसेसर पाच मिनिटांत तापतो. कूलरला हलकंच हलवून बघा. डुलला तर हाच दोष. बसवताना समोरासमोरचे खिळे एकेक करून दाबा, "टक्" आवाज यायला हवा. जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, त्यामुळे एखादा खिळा तुटण्याची तयारी ठेवा. सुटे खिळे लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारा. कूलर काढलाच आहे तर वाळून खडू झालेली पेस्ट पुसून नवी लावा, वाटाण्याएवढी.

६. रॅम

खोडरबरचा उपाय सगळ्यांना माहीत आहे आणि तो खरंच चालतो. पावसाळ्यात, आणि कोकणात तर बारा महिने, रॅमच्या पट्ट्यांवर थर चढतो. प्लग काढून पॉवरचं बटण एकदा दाबा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, मग रॅम काढा. पांढरा मऊ खोडरबर पट्ट्यांवर एकाच दिशेने फिरवा, चुरा झटका, परत बसवा. दोन्ही बाजूच्या कानांनी आपणहून पकड घेतली पाहिजे. स्लॉटमध्ये फुंकर मारू नका, थुंकीची वाफ आत जाते.

मग मेमटेस्ट८६ प्लस, हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम. जुन्या बायोसवर मिंटच्या बूट मेनूतच हा पर्याय असतो. यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) मशीनसाठी याची सहावी किंवा नंतरची आवृत्ती वेगळ्या पेनवर लिहून घ्या. निदान एक फेरी पूर्ण होऊ द्या, जमलं तर रात्रभर. लाल ओळ एक आली तरी रॅम नापास. "एकच तर एरर आहे" असं इथे चालत नाही. दोन काड्या असतील तर एकेक करून, त्याच स्लॉटमध्ये लावून बघा. मग चांगली काडी दुसऱ्या स्लॉटमध्ये. अशाने काडी खराब की स्लॉट, ते कळतं.

इथे हमखास प्रश्न येतो: "मग विंडोजवर इतकी वर्षं कसं चाललं?" चाललं, पण अधूनमधून निळी स्क्रीन यायची आणि तुम्ही व्हायरसला दोष द्यायचात. शिवाय इन्स्टॉल करताना लिनक्स मोकळी रॅम कॅशसाठी भरत जातो, त्यामुळे एरवी हात न लागलेला कोपराही वापरात येतो. खराब रॅमवर इन्स्टॉल नशिबाने पूर्ण झालं तरी त्यावर थांबू नका. फाइल डिस्कवर बिघडलेलीच लिहिली गेली असेल, आणि ते महिन्याभराने कळेल.

७. केबल, मग डिस्क

डिस्क्स अ‍ॅप उघडा, हार्ड डिस्क निवडा, मेनूतून स्मार्ट डेटा (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) बघा. मी तीन ओळी बघतो. क्रमांक ५, म्हणजे बदललेले सेक्टर. क्रमांक १९७, म्हणजे वाचता न येऊन अडकून पडलेले सेक्टर. आणि क्रमांक १९९, सीआरसी एरर, म्हणजे केबलवरून जाता-येता बिघडलेला डेटा.

१९९ चा आकडा वाढत असेल आणि बाकी दोन शून्य असतील तर आनंद माना, बहुधा साटा केबल बदलून काम होईल. जुना आकडा शून्यावर येत नाही, फक्त पुढे वाढायचा थांबला पाहिजे. १९७ शून्याहून जास्त असेल तर त्या डिस्कवर इन्स्टॉल करू नका. "ओव्हरऑल: ओके" असं वर लिहिलेलं असलं तरी नाही, तो शेरा फार उशिरा बदलतो. दुरुस्तीची सॉफ्टवेअरं चालवून खराब सेक्टर लपवण्यात दिवस घालवण्यापेक्षा लहान साटा एसएसडी घ्या. जी ४१ च्या बोर्डवर ती पूर्ण वेगाने धावणार नाही, तरी जुन्या डिस्कपुढे मशीन नवं वाटेल.

डिस्कमधून खट् खट् आवाज येत असेल तर काही तपासू नका. मशीन बंद. पुढे सांगतो.

८. सगळं झालं, पण बूट होत नाही

२०११-१२ च्या आसपासच्या बोर्डांवर हे फार. या काळात जुनं लेगसी बायोस आणि नवं यूईएफआय दोन्ही एकाच बोर्डवर आले. बोर्डच्या बूट मेनूत तुमचा पेन दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा पुढे "यूईएफआय" लावून. पेन एका पद्धतीने सुरू केला आणि डिस्क दुसऱ्या पद्धतीची विभागलेली असली की ग्रब कुठे बसवायचा ते इन्स्टॉलरला जमत नाही. लाइव्हमध्ये फाइल मॅनेजरने सिसमधल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये (/sys/firmware) जा. तिथे ईएफआय फोल्डर असेल तर तुम्ही यूईएफआयमध्ये आहात. पूर्ण डिस्क लिनक्सला देणार असाल तर सोपा मार्ग: एकच पद्धत ठरवा, पेन त्याच पद्धतीने सुरू करा आणि "डिस्क पुसून इन्स्टॉल" निवडा. अशा बोर्डवर मी लेगसीच निवडतो.

यूईएफआयच ठेवायचं असेल, तर काही सुरुवातीचे बोर्ड फक्त विंडोजचं किंवा ठरावीक जागेचं बूट फाइलचं नाव ओळखतात. ग्रब-इन्स्टॉलला रिमूव्हेबल हा पर्याय देऊन पुन्हा चालवला की तो त्या ठरावीक जागी फाइल ठेवतो आणि मशीन उठतं. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सेटिंग) असेल तर बंद करून बघा.

इथे थांबा

सगळं करूनही मशीन मध्येच बंद पडत असेल तर एसएमपीएस (पॉवर सप्लायचा डबा) आणि बोर्ड उरतात. बोर्डवर प्रोसेसरच्या शेजारी उभे असलेले कपॅसिटर बघा. माथा सपाट हवा. फुगलेला, किंवा वर तपकिरी काहीतरी सांडून वाळलेलं दिसलं तर बोर्ड संपत आलाय. बदलणारा कारागीर मिळतो. तुमच्याकडे चांगली सोल्डरिंग गन आणि सराव नसेल तर हात घालू नका.

एसएमपीएस दुसरा लावून बघणं ठीक, तो उघडणं नाही. २३० व्होल्टचं आत डीसी होतं तेव्हा कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. जळका वास आला, चालू करताना घरचा ट्रिप स्विच पडला, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर प्लग काढून इलेक्ट्रिशियनला बोलवा. झिणझिण्या बहुतेक वेळा अर्थिंग नसलेल्या सॉकेटमुळे असतात आणि ते काम पीसीवाल्याचंही नाही.

लॅपटॉपची बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल, तर चार्जर लावू नका, टोचू नका, बॅटरी काढायचं काम दुकानात द्या.

खट् खट् करणारी डिस्क आणि त्यात एकुलते एक फोटो, हे डेटा रिकव्हरीवाल्याचं काम. प्रत्येक वेळी चालू करून बघताना डोकं प्लॅटरवर घासून आणखी काही जातं. त्याच्याकडे देताना खर्च आधी विचारा आणि "फोटो मिळाले नाहीत तर किती" हेही लिहून घ्या.

दुरुस्तीला मशीन देताना सुरुवातीला टिपलेला कागद आणि डीमेसेजचे फोटो सोबत द्या. "लिनक्स चढत नाही" एवढंच सांगितलंत तर विंडोजची क्रॅक कॉपी टाकून मशीन परत येईल. "मेमटेस्ट पास आहे, केबल बदलली आहे, १९७ वाढतोय" असं सांगितलंत तर तो थेट डिस्ककडे बघेल.